रद्द पत्र्याचा छाप

पहिले दहा सेकंद एनॉक सगडनला वाटलं, आपण केवढे चांगले होतो. ऑल्डरक्लफच्या म्युनिसिपल गॅलरीत, रेडिएटरच्या वरच्या भिंतीवर, जिथं एरवी मेलेल्या मेयरांची तैलचित्रं असतात तिथं त्याचं ‘किटली आणि रूबार्ब’ हे तांब्याच्या पत्र्यावरून काढलेलं छापचित्र लावलेलं होतं, आणि ते चांगलं होतं. त्याला आठवत होतं त्याहून चांगलं. टेबल घसरत होतं आणि पडत नव्हतं. रूबार्बचे लाल आंबट देठ किटलीतून आरपार जाऊन पलीकडे निघाले होते. सुरीचं पातं एकाच वेळी वरून आणि बाजूने दिसत होतं, आणि या सगळ्या तुकड्यांना कुणीतरी दम देऊन उभं केल्यासारखे ते ताठ उभे होते. एकाहत्तर वर्षांचा माणूस ओला कोट अंगात, टोपी हातात, असा उभा राहिला आणि पोटात खोल कुठेतरी त्याला ऊब वाटली. मग त्याच्या नजरेस ती रेघ पडली. वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून किटलीच्या पोटापाशी किंचित वाकून थेट खालच्या कडेपर्यंत गेलेली, मखमलीसारखी काळी. तिला उजवीकडून कापत गेलेली दुसरी, आखूड. या दोन रेघा आपल्या नाहीत हे त्याला कळलं, आणि त्या दोन काढल्या तर भिंतीवर काय उरतं तेही कळलं. ऊब गेली. आता नुसता कोटाचा ओलेपणा राहिला.

“त्याच्यासमोरच थांबलात ना? मला माहीत होतं,” मागून मिस थर्लो म्हणाली. ही दक्षिणेकडची पोरगी, तिशीची, गॅलरीत येऊन तिला दीड वर्षसुद्धा झालं नव्हतं, आणि एवढ्यात तिने तळघरं, माळे, विधवा बायकांच्या ट्रंका धुंडाळून विसरलेल्या ब्रिटिश क्युबिस्टांचं हे प्रदर्शन उभं केलं होतं. विसरलेल्यांत सगडन पहिला, कारण तो अजून जिवंत होता आणि दोन बसथांब्यांच्या अंतरावर राहत होता. “बाकीचे तीस छाप मी पाहिलेत, मिस्टर सगडन. रागावू नका हं, पण ते नीटनेटके आहेत. पॅरिस बघून आलेल्या हुशार मुलाचे. हा एकतिसावा वेगळा आहे. इथं तुम्ही पत्रा पुन्हा हातात घेतलात आणि जे करायचं राहिलं होतं ते दोन रेघांत केलंत. खरं सांगा, ही रेघ ओढताना भीती नाही वाटली?”

“मी तेव्हा फिरायला गेलो होतो,” एनॉक म्हणाला.

मिस थर्लो मनापासून हसली. “तुम्हा इकडच्या लोकांचा विनोद ना, मला घरी गेल्यावर कळतो.” मग तिने आवाज खाली आणला, जसा दवाखान्यात आणतात. या छापावर सही नव्हती. गुरुवारी सकाळी त्याने यावं, ती छाप चौकटीतून काढून ठेवेल, त्याने पेन्सिलीने खाली सही करावी. जुन्या छापांवर म्हातारपणी सह्या करायची पद्धत आहेच, त्यात गैर काही नाही. सही झाली की कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर हाच जाईल, आणि वसंतात प्रदर्शन लंडनला जाईल तेव्हा दारातल्या भिंतीवरही हाच. “तुमचं नाव पुन्हा नीट लागेल, मिस्टर सगडन. लागायलाच हवं होतं.” एनॉकने मान हलवली. नाही म्हणायला तोंड उघडावं लागलं असतं, आणि सकाळपासून त्याचे गुडघे दुखत होते.

बसच्या वरच्या मजल्यावर तो एकटाच होता. खिडकीच्या काचेवर गिरणीचा धूर आणि पाऊस मिळून जे काही तयार होतं ते ओघळत होतं. खरं म्हणजे फिरायला गेलो होतो हे अक्षरशः खरं होतं. या धंद्याची रीत अशी की ठरलेले तीस छाप काढून झाले की पत्रा रद्द करायचा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत सुईने रेघा ओढायच्या, आणि त्या रेघांसकट एक छाप काढून लंडनच्या दुकानदाराकडे धाडायचा, म्हणजे घेणाऱ्यांची खात्री पटते की एकतिसावा आता निघायचा नाही. पहिले दोन पत्रे त्याने स्वतः रद्द केले होते आणि दोन्ही वेळा रात्री त्याला जेवण गेलं नव्हतं. तिसरा हा, १९३० सालच्या मार्चमधला. दुकानदाराची तगाद्याची दोन पत्रं येऊन पडली होती. त्या सकाळी त्याने पत्रा टेबलावर ठेवला, सुई ठेवली आणि बायकोला, हेस्टरला, म्हणाला, “तू कर. मला जमत नाही. खराब कर नि धाडून दे.” मांजरीची पिल्लं बुडवायची वेळ आली की त्याचा बापही असाच आईच्या हातात बादली देऊन वरच्या माळाकडे फिरायला निघून जायचा. एनॉकही माळाकडेच गेला. परत आला तेव्हा पाकीट बांधून तयार होतं आणि हेस्टर हात धूत होती. त्याने पत्र्याकडे पाहिलं नाही. पुढे लढाईत तांबं गोळा करायला माणसं आली तेव्हा तो पत्रा त्याने तसाच, कागदात गुंडाळलेला, देऊन टाकला. चौतीस वर्षांत ती रेघ त्याने आज पहिल्यांदा पाहिली होती.

आणि पाहताक्षणी ओळखली होती. मिस थर्लोला ते कळायचं नाही, पुस्तकात ते नसतं. तांब्यावर उघडी सुई ओढली की रेघेच्या एका कडेला बारीक किस उठतो, तो शाई धरून ठेवतो, आणि छापात त्या कडेची काळी मखमल होते. कुठल्या कडेला, ते सुई कुठल्या हातात आहे त्यावर ठरतं. या रेघेची मखमल चुकीच्या कडेला होती. हेस्टर डावखुरी. शाळेत तिचा डावा हात पाठीशी बांधून तिला उजव्याने लिहायला शिकवलं, आणि ती शिकली. वाण्याच्या याद्या, नाताळची कार्डं, सगळं उजव्याने. पण सुई तिने कधी उजव्या हातात धरली नाही. आर्ट स्कूलच्या त्या थंड वर्गात तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. मास्तर यायचे, सगळ्यांच्या कामावर काहीतरी बोलायचे, आणि तिच्यापाशी आले की गप्प उभे राहायचे. वर्गात पहिली तीच आली होती. हे त्याला आज आठवलं असं नाही. हे त्याला नेहमीच माहीत होतं, जशी जिन्याची मोडकी पायरी माहीत असते, पाय आपोआप पुढच्या पायरीवर पडतो.

पॅरिसला मात्र तो गेला होता. तीन दिवस, १९२१ मध्ये, पाव आणि चीज खाऊन. तिथे त्याने पाहिलं की गिटार फोडून पुन्हा लावता येते, बाटलीला चारी बाजूंनी एकदम बघता येतं, आणि त्याला वाटलं, हे आपल्याला येईल. घरी येऊन त्याने आईची तपकिरी किटली, बापाच्या वाफ्यातला रूबार्ब आणि पावाची सुरी टेबलावर मांडली आणि सात वर्षं तीच फोडत बसला. ती फुटायची, पण पुन्हा आईची किटलीच व्हायची. पत्र्यावर मेण चढवायचं, सुईने रेखाटायचं, आम्लात बुडवायचं, हे सगळं तो करायचा. शाई भरायची, तळहाताच्या कडेने पुसून काढायची, ओला कागद घालून यंत्राचं चाक फिरवायचं, हे हेस्टर करायची. लग्नानंतर तिचे स्वतःचे पत्रे कुठे गेले हे त्याने विचारलं नव्हतं. १९३०च्या मंदीत लंडनचा दुकानदार बुडाला. एनॉकने टेक्निकल कॉलेजात चित्रकलेची नोकरी धरली, आणि तीस वर्षं कापड गिरणीच्या पोरांना ठोकळ्यावर पडलेली सावली काढायला शिकवली. लोकांना सांगायला बरं होतं, नोकरीने मारलं. आज गॅलरीच्या भिंतीवर त्याला दिसलं होतं की तो नोकरीच्या आधीच संपलेला होता, आणि दोन रेघांच्या अंतरावर संपलेला होता. त्याला हेवा वाटला. बायकोचा, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी. हेव्यापाठोपाठ शरम आली, पण तीही फार जोराची नाही, कारण शरमेलाही अंगात जोर लागतो. आणि या सगळ्याच्या तळाशी एक गोष्ट टक्क जागी होती. त्याला ते मुखपृष्ठ हवं होतं.

हेस्टर शेगडीसमोर पाय करून बसली होती, मांडीवर वर्तमानपत्र, बाजूच्या बशीत पार्किनचे, आल्याच्या केकचे, दोन तुकडे. तिच्या बोटांचे सांधे आता आल्याच्या गड्ड्यांसारखे झाले होते. कप ती दोन्ही तळव्यांत धरायची.

“कसं होतं?” तिने विचारलं.

“बरं होतं.”

“गर्दी?”

“सात जण. त्यातले दोघं रेडिएटरच्या उबेसाठी आलेले.”

“म्हणजे पाच. तुझ्या मानाने झुंबडच की रे. पार्किन घे, कालचं आहे, आता कुठे हवं तसं चिकट झालंय.”

त्याने कोट खुंटीला लावला. पार्किन घेतलं नाही. “हेस्टर, त्यांनी रूबार्ब लावलंय.”

“लावणारच. तुझं दुसरं काय आहे लावायला?”

“तीस छापांतलं नाही. एकतिसावं. नेली बिन्सच्या घरातून आलंय. तिच्या पुतण्याने दिलं, तिचं घर मोकळं करताना.”

नेली बिन्स म्हणजे बाजूच्या घरातली, गेल्या हिवाळ्यात गेलेली. हेस्टरने वर्तमानपत्राची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. “ती नेली,” ती म्हणाली. “जिवंतपणी एक गोष्ट पोटात राहिली नाही, आणि मेल्यावर हे.”

“दोन छाप काढलेस तू त्या दिवशी.”

“काढले. एक धाडला, एक ठेवला. पोलिसात देणारेस का?”

“मी तुला खराब कर म्हणालो होतो.”

“मग?”

“ते खराब केलेलं नाहीये, हेस्टर.”

“मग काम नीट झालं नाही माझं,” ती म्हणाली. “तक्रार जरा उशिरा आली तुझी. चौतीस वर्षांनी कुणी माल परत घेत नाही.” तिने कप उचलला, रिकामा आहे हे पाहून तसाच धरून ठेवला. बाहेर शाळा सुटली होती, दगडी रस्त्यावर पोरांचे बूट वाजत होते. मग ती शेगडीकडे बघतच म्हणाली, “मला वाटलं होतं, तू बघशील. इथंच वाळत ठेवला होता, या टेबलावर. तीन दिवस. पहिल्या दिवशी तू त्याच्यावर पेपर पसरलास आणि पेपरावर ताटली ठेवून जेवलास. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, जाऊ दे. नेलीच्या जिन्यातल्या भिंतीला पोपडे आले होते, ते झाकायला तिला काहीतरी हवंच होतं.”

त्याला ते जेवण आठवेना. त्याला पेपर आठवला, म्हणजे खाली कागद आहे, त्याच्यावर मेलेल्या पत्र्याचा छाप आहे, आणि आपण तिकडे बघायचं नाही, एवढं आठवलं. बघितलं असतं तर? बघितलं असतं तर कदाचित त्याने त्याच दिवशी सुई कायमची तिच्या हातात दिली असती. कदाचित तो छाप शेगडीत घातला असता. सदतीस वर्षांच्या त्या माणसाबद्दल त्याची आता कसलीच खात्री नव्हती. “गुरुवारी सही करायला बोलावलंय,” तो म्हणाला. “मुखपृष्ठावर घालणार आहेत. लंडनला जाणार आहे.”

“मग जा नि कर.”

“रेघा तुझ्या आहेत.”

“पत्रा तुझा, किटली तुझ्या आईची, रूबार्ब तुझ्या बापाचा. त्यात माझ्या दोन रेघा. भाजीत मीठ घातलं म्हणून स्वयंपाकघरावर कुणी नाव लावतं का?”

“मीठ नव्हतं म्हणून तर तीस वेळा कुणी खाल्लं नाही ते.”

हे ऐकून ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, आणि हसताना तिला खोकला आला. “बघ बाबा, म्हातारपणी अक्कलदाढ येतेय,” ती म्हणाली. “सही कर, एनॉक. त्या पोरीला कशाला त्रास. मला आता काय करायचंय नाव घेऊन, मला जिना चढवत नाही.” त्यानंतर तिने पेपर उघडला, आणि पेपर उघडला की तिच्याशी बोलायचं नसतं हे घरातलं जुनं कलम होतं. त्याने पार्किनचा तुकडा उचलला. ते खरंच आता कुठे चिकट झालं होतं.

बुधवारभर तो सहीच्या विचारात होता, म्हणजे दाढी करताना, कोळसा आणताना, वाफ्यातली सुकलेली पानं उगाच इकडची तिकडे करताना. तिने परवानगी दिली होती. परवानगी मिळाली की गोष्ट सोपी व्हायला हवी, इथं ती जड झाली होती. तिने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, भांडणात माणूस आपली बाजू धरून तरी उभा राहतो. त्याने मनातल्या मनात मिस थर्लोला सगळं सांगून पाहिलं. अहो, हा रद्द पत्र्याचा छाप आहे, कलाकृती नाहीच, ही नुसती पावती आहे, पत्रा मेला म्हणून. तिचा चेहरा पडलेला त्याला दिसला. छाप भिंतीवरून उतरला, तळघरात गेला, आणि त्याच्याबरोबर हेस्टरच्या दोन रेघाही गेल्या. म्हणजे खरं सांगूनही तिला काही मिळत नव्हतं. असं त्याने स्वतःला पटवलं आणि ते त्याला जवळजवळ पटलं. दुपारी त्याने शिसपेन्सिलीला टोक काढलं. हेस्टर खुर्चीतच डोळा लागून पडली होती, डावा हात मांडीवर उताणा. त्या हाताकडे त्याने बराच वेळ पाहिलं. मग टोक जास्त लांब झालंय असं वाटून ते जरा मोडलं आणि पुन्हा केलं.

गुरुवारी पाऊस नव्हता. मिस थर्लोच्या खोलीत उत्तरेकडून एकच उंच खिडकी, तिच्याखाली टेबल, टेबलावर पांढऱ्या कागदावर तो छाप चौकटीवाचून पडलेला. चौकटीत समास झाकलेला होता, आता सगळा कागद उघडा होता, आणि कागद मऊ, जाड, जुना होता. कडेला नेलीच्या जिन्यातल्या ओलीचा एक तपकिरी डाग होता. “इथं,” मिस थर्लो म्हणाली, “उजव्या बाजूला, प्रतिमेच्या खाली. तिथं पूर्वी काहीतरी लिहून खोडलंय, दुकानदाराचा आकडा असेल. तुम्ही त्याच्यावरूनच करा, म्हणजे ते झाकलं जाईल.” तिने त्याला खुर्ची दिली आणि खिडकीचा पडदा आणखी बाजूला सारला, त्याला नीट दिसावं म्हणून.

उजेड बाजूने आला आणि कागदातले खळगे दिसायला लागले. खोडरबराने शिसं निघतं, दाब निघत नाही. एनॉकने चष्मा कपाळावर चढवला आणि नाक कागदाला टेकेल इतका वाकला. आकडा नव्हता तो. दोन उभ्या काठ्या आणि मधला दांडा, एच. मग एक ठिपका. मग गोल ओ, एकमेकांना रेललेले दोन डी, आणि शेपूट लांब सोडलेला वाय. एच. ओडी. लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती, आणि सगडन होऊन आठ वर्षं राहिलेल्या बाईने इथं आपलं माहेरचं नाव घातलं होतं. अक्षरं डावीकडे कललेली होती. उजव्या हाताने नव्हती घातली. म्हणजे तीन दिवस तो छाप टेबलावर पडला होता तो नुसता नव्हता, सही करून ठेवलेला होता. त्याच्यावर पेपर आला, ताटली आली, सुरी आली, काटा आला. आणि तिसऱ्या दिवशी तिने खोडरबर घेतलं. परवा तिने सगळं सांगितलं होतं, एवढंच सांगितलं नव्हतं.

“पेन्सिल हवीय का?” मिस थर्लोने विचारलं.

“आणलीय.”

त्याने पेन्सिल काढली. टोक खळग्यात टेकलं तसं ते आपोआप धरलं गेलं, चाकोरीत चाक बसावं तसं. त्याला उजव्या हाताने डावीकडे कलायचं होतं, मनगट अवघडत होतं, आणि एवढ्या वर्षांत इतक्या हळू त्याने काही गिरवलं नव्हतं. एच. ठिपका. ओ. पहिला डी, दुसरा डी. ओच्या वळणावर तिने जोर दिला होता, तिथं त्यानेही दिला. वायचं शेपूट त्याला तिच्याइतकं लांब नेता आलं नाही, जरा आधीच थांबलं.

मिस थर्लो खांद्यावरून वाकली. वाचलं. पुन्हा वाचलं. “मिस्टर सगडन, हे तुमचं नाव नाही.”

“नाही.”

“मग हे... एच. ओडी कोण?”

तो उठला. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. खिडकीतून आलेल्या उजेडात आता अक्षरं काळी चमकत होती, आणि खूप थकल्यासारखं वाटत असूनही त्याला बसावंसं वाटेना. त्याने टोपी उचलली.

“घरीच असते,” तो म्हणाला. “चारनंतर या, दुपारी ती जरा पडते.”